यमुनामावशीचा वाटा

फोन वनिताचा होता, यमुनामावशीच्या सुनेचा. "बाई, बुढी गेली जी," एवढंच म्हणाली. सकाळी जाळं वाळत घातलं, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत भिंतीला टेकून बसल्या बसल्या मावशी गेली... वाट पाहणं तिला कधी जमलंच नाही. हे वनितालाही सुचलं असावं, कारण रडता रडता ती हसली.

अड्याळच्या शाळेत शिकवत होते तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सकाळीच दुर्बीण घेऊन गावामागच्या तलावावर बसायचे. मे महिन्यात पाणी आटत जातं आणि उरलेल्या पाण्यावर चितळं, रानडुकरं, बगळे सगळेच येतात. मावशी तिथेच डोंग्यातून, म्हणजे लहानशा होडीतून, जाळं टाकायची. काही हरवलं काय, असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. पाणमांजरं पाहायला आले म्हटल्यावर तिचं तोंड कडू झालं. पाणमांजरं तिची जाळी फाडायची, अडकलेली मासोळी अर्धी खाऊन टाकायची. त्यांना हाकलायला ती डोंग्यात पत्र्याचा डबा ठेवी. तो बडवला की माझे पक्षीही उडून जायचे. आठवडाभर आमचं भांडण चाललं.

मग एका सकाळी मी दुर्बीणच तिच्या हातात दिली. आधी तिनं उलटी धरली आणि तलाव दूर पळाला म्हणून माझ्यावरच रागावली. सरळ धरल्यावर मात्र ती डोळ्यांवरून काढेचना... पलीकडे बेशरमाच्या झुडपांजवळ पाणमांजरीनं एक जिवंत मासोळी पिल्लांपुढे सोडली होती. पिल्लं झेपावत, मासोळी निसटे, आई पुन्हा धरून आणी.

"शिकवून राहिली जी लेकराईले," मावशी हळूच म्हणाली. डबा त्या दिवसापासून घरीच राहिला.

पुढे एका उन्हाळ्यात पाणी फारच आटलं. उरलेली सगळी मासोळी एकदाच ओढून काढू, असं मच्छीमारांच्या बैठकीत ठरू लागलं. पाणमांजरांची त्या वर्षीची पिल्लं झुडपांतच होती. मागे बायकांत बसलेली मावशी उठून पुढे गेली आणि पिल्लांसाठी थोडी मासोळी राहू द्या म्हणाली. पाणमांजरांपायी आम्ही उपाशी राहायचं काय, असं कुणीतरी विचारलं.

"तुमी कायले? माहा वाटा द्या त्याईले," ती म्हणाली. "झुडपाजवळचं पाणी माहा वाटा समजा. तिथं जाळं टाकू नोका."

बैठकीनं ते मान्य केलं आणि पुढेही झुडपाजवळचं पाणी तिच्या वाट्याचंच राहिलं. तो उन्हाळाभर मावशीच्या घरी मासोळी शिजली नाही. रोजचा वरण-भात पाहून वनिता धुसफुसायची आणि मावशी वरण ओरपत पिल्लं केवढी झाली ते सांगायची.

परवा तलावावर गेले, तर डोंग्यात वनिता होती. सासू गेली, आता तो वाटा तुझा, जाळं टाक, असं बैठकीत तिला सांगितलं होतं म्हणे. मग तू काय म्हणालीस, असं मी विचारलं.

"बुढीनं देल्लेला वाटा मी कशी वापस घेऊ?"

तिनं झुडपांना लांबून वळसा घालून डोंगा काठाला लावला. पाण्यातून तीन काळी डोकी वर आली. मी दुर्बिणीसाठी घाईनं पिशवीची चेन उघडली, तशी वनितानं मलाच दटावलं, "आवाज नोका करू, बाई."