नानांनी थांबवलेलं उड्डाण

बड्या लोकांना नेणारं दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर नाना मेकॅनिक एकोणीस वर्षं सांभाळत होते. त्या सकाळी मंत्रीबाई निघायच्या वेळीच डाव्या इंजिनाच्या तेलात त्यांना धातूचा चुरा दिसला. त्यांनी उड्डाण थांबवलं.

"दुसरं इंजिन आहे ना?" बाईंचे सचिव खेकसले.

"ते वाटेत अडचण आली तर, साहेब. अडचण सोबत घेऊन निघायला नव्हे."

बाई मोटारीने गेल्या. नानांना मात्र एकच काळजी होती. उगाच अडवलं असेल तर नोकरीवरच यायचं. दुपारी इंजिन उघडलं, तर बेअरिंग फुटायच्या बेतात! नानांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच घरी फोन लावला.

"अगं, इंजिन खरंच खराब निघालं!"

"मग एवढे हसताय काय?" बायकोने विचारलं.