सासूबाई आणि सावेडीतला आडोसा

ज्वारीचा उपयोग केवळ भाकरीसाठी नसतो, हे मला सासूबाईंना सावेडीकडे फिरायला नेलं त्या रविवारी समजलं.

सत्तर-एकाहत्तरच्या थंडीतली गोष्ट. सासूबाई कोपरगावहून लेकीकडे राहायला आल्या होत्या. मी नुकताच मोटार चालवायला शिकलो होतो (लायसन देणाऱ्या साहेबांना त्या दिवशी घरी जायची घाई होती) आणि एका मित्राने आपली जुनी मोटार दिवसभरासाठी दिली होती. बेत असा, की नगरच्या दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडायचं, सावेडीच्या शिवारातून रमतगमत जायचं आणि पलीकडे एका स्नेह्याच्या मळ्यात हुरडा खायचा. निघताना मी सासूबाईंना उसाचा रस पाजला. कोपरगावच्या बाईला उसाचं काय अप्रूप? पण आमच्या नगरचा रस कसा वेगळा, हे पटवायला मी आग्रह करकरून आणखी एक ग्लास पाजला. त्यांनी जावयाचं मन मोडलं नाही.

सावेडीचं शिवार माझ्या ओळखीचं होतं. लग्नाआधी आम्ही मित्र सायकलींवर तिथे जायचो. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ज्वारी, मध्येच बाभळी, एखादी विहीर. लग्नानंतर मात्र मी तिकडे फिरकलो नव्हतो, आणि तेवढ्या काळात तिथे प्लॉट पडले होते. ज्वारीच्या जागी नंबर घातलेले दगड उगवले होते. मुरमाचे रस्ते मोठ्या ऐटीत निघायचे आणि थोडं पुढे जाऊन उघड्या माळावर संपायचे. मला वाईट वाटलं, आणि ते मी सविस्तर बोलून दाखवू लागलो.

थोड्या वेळाने सासूबाई मागून म्हणाल्या, "जावईबापू, झाडीबिडी दिसली तर जरा थांबू या."

त्यांना निसर्गाची ओढ आहे हे ऐकून मला आनंद झाला. मी एका लिंबाखाली गाडी उभी केली. तिथे गवंडी मंडळी भाकरी खात बसली होती. सासूबाई उतरल्या, झाडाकडे पाहिलं, गवंड्यांकडे पाहिलं आणि परत येऊन बसल्या. पुढे बाभळीचं बन होतं. म्हणजे पूर्वी होतं. आता तिथे विटांची रास आणि राखणीला बसलेला माणूस होता. मी उत्साहाने विचारलं, "कसं वाटतंय, आई?" त्यांनी बोटाने 'पुढे चला' अशी खूण केली.

तेव्हा माझी बायको, सुमन, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आईला झाडं बघायची नाहीत. तिला आडोसा हवाय."

"कसला आडोसा?"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला रसाचे ग्लास आठवले.

मग मात्र मी जबाबदारी ओळखून गाडी भरधाव सोडली. दूरवर ज्वारीचा एक पट्टा उभा दिसत होता, एवढाच काय तो उरलेला. तिथवर पोचलो, माय-लेकी खाली उतरल्या, आणि त्याच ज्वारीतून प्लॉट बघायला आलेलं एक कुटुंब रांगेने बाहेर आलं. पुढे छत्रीवाला दलाल. त्याने मला गिऱ्हाईक समजून पूर्वेकडचं दार आणि गोड पाणी यांची माहिती सुरू केली. (मी दोन प्रश्नही विचारले. ते विचारायला नको होते, असं सुमनचं आजही मत आहे.)

पुन्हा गाडीत. सासूबाई आता डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. मी जवळची वाट म्हणून एका नव्या रस्त्याला वळलो. तो रस्ता नव्हता, नुसता ओतलेला मुरूम होता. पुढची चाकं त्यात रुतली. मी उतरलो, हातांनी मुरूम उपसला, सुमनला ढकलायला लावलं, तोंडावर धुरळा घेतला, आणि मागे वळून पाहिलं तर सासूबाई नव्हत्या.

आधी आम्ही सभ्यपणे वाट पाहिली. मग हाका मारल्या. मग सुमनचं लक्ष पलीकडच्या विहिरीकडे गेलं. मळा मोडून प्लॉट पाडले होते, पण बिनकठड्याची विहीर तशीच उघडी होती. सुमनचा चेहरा पांढरा पडला. मी धावलो. वाटेत एक चप्पल गेली, कुंपणाच्या काट्यात सदऱ्याची बाही गेली. विहिरीवर ओणवा होऊन मी "आई" म्हणून हाक मारली. विहिरीने ती तशीच परत केली.

ज्वारीच्या त्या पट्ट्याच्या टोकाला मचाणावर एक म्हातारी पाखरं हाकत होती. ती म्हणाली, "हिरव्या लुगड्याची बाई व्हय? ती मगाशीच गेली की त्या नव्या बंगल्यात. लई बिगीबिगी चालली हुती."

बंगल्यापुढे मांडव होता. वास्तुशांत चालली होती. आत सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, कपाळाला ताजं हळदीकुंकू, हातात शिऱ्याची बशी. त्या सरळ आत गेल्या होत्या आणि "घर दाखवा बरं सगळं" म्हणाल्या होत्या. घरधन्याला वाटलं बायकोकडच्या, बायकोला वाटलं नवऱ्याकडच्या. दोघांनी मिळून कौतुकाने सगळं घर दाखवलं, हवी होती ती खोलीसुद्धा. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. सुमन त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी मांडवाच्या खांबाला टेकलो. दलाल, मुरूम, उघडी विहीर, सगळ्यांना मी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

तेवढ्यात घरधनीण माझ्याकडे बघून म्हणाली, "हे कोण?"

सासूबाईंनी मला निरखून पाहिलं. केसांत मुरूम, एक पाय अनवाणी, बाही लोंबकळणारी. जावयाबद्दल त्यांना भारी अभिमान होता, तो राखण्यासाठी त्या शांतपणे म्हणाल्या, "आमचा ड्रायव्हर."

मला मागच्या अंगणात पत्रावळीवर वाढलं. पोटभर जेवलो आणि मनापासून सुखावलो. मला गाडी चालवता येते, असं चारचौघांत कुणी म्हणण्याची ती पहिलीच वेळ, आणि शेवटचीही.