बावखलात पडलेला आराखडा

जयवंती नेमकं काय काम करते, हे तिच्या सासरच्यांना आजवर कळलेलं नाही. राजापूरच्या सासूबाई शेजारणींना ठासून सांगतात, "आमची सून सरकारतर्फे डास मारते." नालासोपाऱ्यात ती राहते त्या बिल्डिंगमध्ये तिला 'मच्छरवाली मॅडम' म्हणतात. खरं तर ती ज्या छोट्याशा संस्थेत आहे, ती सरकारला हिवताप आटोक्यात ठेवायचे आराखडे करून देते. फवारणी कुठे करायची, रक्त कुणाचं तपासायचं, आणि मुख्य म्हणजे या सगळ्याला पैसा कुठून आणायचा. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग आमच्याकडे धुराची गाडी कधी पाठवताय?" जयवंती खो खो हसते. हसण्याची तिला इतकी खोड आहे, की शोकसभेतसुद्धा ती दाराजवळ बसते, न जाणो मध्येच फुटलं तर.

तर या जयवंतीने यंदा वसई-विरारचा आराखडा केला आणि त्यात एक घोळ घातला. घोळ एकाच शब्दाचा होता. तिच्या माणसांनी गावोगाव हिंडून साचलेलं पाणी कुठे कुठे आहे ते टिपून आणलं, तिने त्या सगळ्याला सरसकट 'डबकी' म्हटलं, आणि डबकी बुजवण्यासाठी चांगला घसघशीत निधी मागितला. आता जयवंतीसारख्या राजापूरकडच्या माणसाला वाडीतलं साचलेलं पाणी म्हणजे डबकंच वाटणार. वसईत मात्र त्याला बावखल म्हणतात. ते पणजोबा-खापरपणजोबांनी हातांनी खणलेलं असतं, पावसाचं गोडं पाणी साठवतं, आणि केळी, भाजी, फुलं सगळं त्याच्यावर पिकतं. वरच्या साहेबांना आराखडा फार आवडला होता. सोमवारच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब होणार होतं, आणि मग मातीचे डंपर निघणार होते.

त्याआधीच्या शुक्रवारी वसईतल्या गास गावाहून फोन आला.

"मॅडम, आमचं बावखल बुजवायचं तुमी लिवलंय?" भागूबाई नावाची एक वाडीवाली बोलत होती. गावातल्या सभेत तिच्या कानावर पडलं होतं. "मंग एकदा येवून बगा तरी, काय बुजवताय ते."

जयवंती गेली. जाताना पिशवीत स्वयंपाकघरातला डाव टाकून गेली. दोन-चार डाव पाणी काढून त्यातल्या अळ्या दाखवल्या की मावशी गप्प बसतील, अशी तिची खात्री होती.

भागूबाईंची साठी कधीच उलटलेली. त्यांनी तिला केळीतून आत नेलं. मधोमध बावखल. हिरवंगार, सावलीतलं, काठाने अळू माजलेलं. जयवंतीने पदर खोचला, डाव सरसावला, काठावरच्या शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवला, आणि पुढच्या क्षणी ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती. एक चप्पल तरंगत पलीकडच्या काठाला निघाली.

भागूबाई आधी घाबरल्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. "अगो बाय! बुजवायला आलीस नि सोताच भराव झालीस!"

जयवंतीही हसत सुटली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की पोटऱ्यांना काहीतरी लुचतंय. बारीक बारीक मासे! बाहेर यायचं सोडून ती तिथेच उभी राहून डावाने पाणी काढायला लागली. एका कडेचं काढलं, दुसऱ्या कडेचं काढलं, अळवाच्या मुळाशी काढलं. अळी औषधालाही मिळेना. माशांनी सगळा फडशा पाडला होता. तिला मनापासून लाज वाटली, आणि गंमत म्हणजे तितकाच आनंदही झाला.

"मावशी, इथे डास नाहीत हो," ती म्हणाली.

"मंग? आमच्याकडं नाहीतच डास!" भागूबाईंनी मान ताठ केली.

ही मान फार वेळ ताठ राहिली नाही. पाय धुवायला जयवंती घरामागे गेली, तर तिथल्या उघड्या पिंपात अळ्याच अळ्या. त्यातल्या कितीतरी पाण्यावर आडव्या पडलेल्या. हिवतापाच्या डासाची अळी अशीच आडवी पडते.

"मावशी, तुमचे पाळलेले डास इथे आहेत बघा."

भागूबाईंनी तोंडाला पदर लावला, पिंप लाथेने आडवं केलं आणि उलट विचारलं, "नि तुमच्या बिल्डिंगीत गो? पानी कशात भरता?"

तो प्रश्न घेऊनच जयवंती निघाली. ओल्या साडीनिशी ती रिक्षाने घरी आली आणि थेट गच्चीवर गेली. टाकीला झाकण नव्हतं. मागच्या वर्षी वाऱ्याने उडालं होतं, त्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर दोरीने बांधला होता. तिने बॅनर उचलला. आत अळ्यांचं सगळं गोकुळ नांदत होतं.

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे तिचा नवरा सुधाकर.

"अहो, झाकण का नाही बसवलं?"

"फंड नाही गं, जयू," सुधाकर निरागसपणे म्हणाला.

जन्मभर हेच वाक्य ऐकत ती सरकारी बैठकांतून बसत आली होती. ते स्वतःच्या घरात ऐकून ती गच्चीतच मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

शनिवार-रविवार तिने आपल्या सगळ्या माणसांना कामाला लावलं. त्यांनी नालासोपाऱ्यातल्या गच्च्या, अर्धवट बांधलेल्या इमारती, पाणी साचलेली तळघरं, सगळं पालथं घातलं. जिथे तिथे तेच. बावखलांत मात्र, मासे होते तिथे अळ्या नव्हत्या.

सोमवारी बैठकीत ती उभी राहिली. आपणच मागितलेला निधी आपणच नको म्हणायचा, म्हणजे हसं व्हायचं, आणि कदाचित सगळा आराखडाच लांबणीवर पडायचा. पण डंपर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"साहेब, डबकी बुजवण्याचं कलम काढा. ती डबकी नाहीत, बावखलं आहेत. चूक माझी आहे. जिथे मासे नाहीत तिथे गप्पी मासे सोडू, आणि बुजवायचा पैसा टाक्यांच्या झाकणांना नि बांधकामांच्या तपासणीला देऊ."

"मग अळ्या सापडल्या कुठे तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"दुसरीकडे कशाला, आमच्याच टाकीत. सेक्रेटरी आमचे मिस्टर आहेत."

सभागृहात हशा पिकला. साहेबही पोट धरून हसले. मग डोळे पुसत त्यांनी कागद पुढे ओढला, ते कलम खोडलं, आणि उरलेला आराखडा दुरुस्तीसकट तिथल्या तिथे मंजूर केला.

जयवंती घरी गेलीच नाही, तडक गासला गेली. भागूबाई काठावर पंपाशी खटपट करत होत्या.

"मावशी, काढलं कलम! तुमचं बावखल राहिलं. सगळ्यांचीच राहिली," ती धापा टाकत म्हणाली. तिला वाटलं होतं, मावशी मिठी मारतील, गेला बाजार चहा तरी विचारतील. भागूबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पंप तसाच टाकून त्या काठाशी उकिडव्या बसल्या, पाण्यावर तळवा ठेवला आणि लेकीला सांगावं तसं हळूच म्हणाल्या, "आयकलंस का गो बाय? तुला आता कोन नाय बुजवत."