पंपाच्या चाकावरचं कुंकू

बहारीनमध्ये, तुबलीच्या गॅरेजमध्ये, मला सगळे 'डॉक्टर' म्हणत. मीच तसं म्हणायला लावलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. डिझेल इंजिन चालू केलं की मी डोळे मिटायचो, एक बोट वर करायचो आणि गिऱ्हाइकाचा श्वास अडकेपर्यंत थांबून निदान सांगायचो. निम्मं ज्ञान, निम्मं नाटक. पण नव्वदच्या दशकातल्या त्या एका आठवड्यात माझं ज्ञानही संपलं आणि नाटकही.

गाडी अरबाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या आईची होती. जुनी डिझेल, म्हातारीची फार लाडकी. तिचा टायमिंग बेल्ट बदलायचं काम माझ्याकडे आलं. या बेल्टवरच डिझेलचा पंप फिरतो. तो एक दात जरी सरकून बसला, तरी डिझेल अवेळी उडतं आणि इंजिन ठोके देत थरथरतं. म्हणून जुना बेल्ट काढण्याआधी मी नेहमीप्रमाणे पंपाच्या चाकावर, खुणेच्या दातावर, लाल रंगाचा ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी दसरा. आधी पूजा, मग नवा बेल्ट बसवला, झाकण लावलं, चावी फिरवली. आणि गाडी अशी थडथडली, की आरशाला टांगलेली म्हातारीची तस्बी, म्हणजे जपमाळ, नाचायला लागली.

अरबाब माणूस वाईट नव्हता, पण आईपुढे त्याचं काही चालत नसे. त्यानं काचेच्या छोट्या पेल्यात चहा ओतला, चालू इंजिनाच्या बॉनेटवर ठेवला. पेला तुरुतुरु चालत कडेला गेला आणि फुटला. "पुढच्या गुरुवारी तुझं विमान आहे ना?" तो त्याच्या हिंदीत म्हणाला. "चहा सांडला तर छुट्टी मफी." मफी म्हणजे नाही. पासपोर्ट त्याच्या कपाटात होता. आणि चिपळूणला माझी चार महिन्यांची मुलगी होती, जिला मी पाहिलंही नव्हतं. माझ्यासाठी बारसं थांबवलं होतं. बायको पत्रात तिला नुसतं 'बाळी' लिहायची.

पुढचे दिवस मी इंजिनाची सगळी शास्त्रं पालथी घातली. इंजिनाखालचे रबर बदलले. इंजेक्टर तपासून आणले. एकेका इंजेक्टरच्या नळीचं नट सैल करून पाहिलं. एखादा सिलिंडर मेलेला असेल, तर त्याचं नट सैल केल्यानं इंजिनाला काहीच फरक पडत नाही. इथे चारही जिवंत, चारही सारखेच बेजार. असं झालं की टायमिंग बघायचं, हे मीच पोरांना शिकवायचो. पण टायमिंग मी स्वतः लावलं होतं, तेही दसऱ्याच्या मुहूर्तावर! तिथे चूक कशी असेल? रोज सकाळी मी दत्तमहाराजांना सांगायचो, "बाकी सगळं मी बघतोय, टायमिंग बरोबर आहे, तेवढं राहिलेलं तुम्ही बघा." देवालाही मी कामं वाटून देत होतो.

बुधवारी दुपारी मात्र मी पान्हा खाली ठेवला. हात जोडले आणि पहिल्यांदाच म्हणालो, "महाराज, मला कळत नाही." बस्स, एवढंच. डोळे उघडले तर दारात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा.

"पाणी मिळेल काय रे?" मराठीत! शेजारच्या दुकानात त्याचा मुलगा टायर बदलत होता. चाचा मूळचे राजापूरचे, सारं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेलं, आता मुलाकडे चार दिवस आलेले. पाणी पिता पिता त्यांनी चालू इंजिनाकडे कान टवकारले.

"हिला हुडहुडी कसली भरलीय? टायमिंग बघितलंस?"

"ते मी लावलंय, चाचा."

"तू लावलंस ते ऐकलं. बघितलंस काय?"

मी इंजिन बंद केलं आणि चिडून झाकण उघडलं. त्यांनी पंपाच्या चाकावरच्या लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला आणि खदखदून हसले. "अरे डॉक्टरा, ही गाडी सवाष्ण कधी झाली?"

दसऱ्याला हत्यारांची पूजा करताना इंजिन उघडं होतं. मीच मोठ्या भक्तिभावानं तेलात कालवलेलं कुंकू पंपाच्या चाकालाही लावलं होतं, आणि मग तोच ठिपका खूण समजून बेल्ट बसवला होता! चाचांनी फडकं डिझेलमध्ये भिजवून पुसलं. कुंकू निघून गेलं. शेजारच्या दाताच्या काळ्या वंगणाखालून माझा रंगाचा ठिपका वर आला, जिथे मी ठेवला होता तिथेच. बरोब्बर एक दात अलीकडे.

दत्तमहाराज मलंगाच्या, फकिराच्या रूपात येतात, असं आई सांगायची. मी खाली पाहिलं. प्लास्टिकच्या चपला, एकीचा पट्टा सुतळीनं बांधलेला. मी वाकलोच. चाचांनी दंड धरून उठवलं. "पाया कसला पडतोस? बेल्ट बसव आधी. पोरीचं नाव काय?"

"अजून ठेवलं नाय."

"मग यल्ला, चल लवकर! पोर बिननावाची बसलीय."

संध्याकाळी अरबाबनं काठोकाठ भरलेला पेला बॉनेटवर ठेवला. चहावर नुसती बारीक सुरकुती उठली. त्यानं तोच चहा मला पाजला आणि कपाट उघडलं. चाचांचे आभार मानायला धावलो, तर टायरवाला म्हणाला, ते केव्हाच गेले. पुन्हा भेट नाही. ते कोण होते, न सांगता पोरीचं त्यांना कसं कळलं, यावर मी वाद घालत नाही. राजापूरचे होते, एवढं मला पुरतं.

बारशाला बायकोनं करंडा पुढे केला. बाळीच्या, आता अनसूयेच्या, कपाळाला कुंकू लावताना माझा ठिपका जरा सरकला. तिनं नाक मुरडलं. सगळे हसले, मीच रडलो.

आजही दसऱ्याला हत्यारांना कुंकू लावतो. इंजिनाला लावतो ते झाकण बसवल्यावर, बाहेरून. आणि हात जोडण्याआधी 'माझं बरोबरच आहे' हे वाक्य मनातून पुसून काढतो. ते सहज निघत नाही. त्यालाही डिझेलचं फडकंच लागतं.