पाण्याचा रकाना

विकसनशील देशांतली गावं पर्यावरण किती सांभाळतात, याची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात मी सांगलीतून काम करत होतो. ब्राझील, व्हिएतनाम आणि आपण, सगळ्यांना प्रश्नावली एकच. तासगावकडची द्राक्षबागांची गावं उरकून मी वडूजजवळच्या एका गावात गेलो. ज्या गावांना पाणी पुरत नाही, त्यांच्या तलावातला गाळ काढायला याच अभ्यासातून मदत मिळणार होती.

पहिल्याच घरात म्हातारीनं तांब्याभर पाणी पुढं केलं. उन्हानं जीव अर्धा झालेला, घटाघटा प्यालो. मग विचारलं, "मावशी, पाणी पुरतं का?"

"हाय की बाबा, भरपूर हाय. अजून देऊ?"

मी 'पुरेसं' वर खूण केली. माणशी वापर अगदी थोडा निघाला. भांडी राखेनं घासायची, आंघोळीचं पाणी शेवग्याला. मनात म्हटलं, वा, याला म्हणतात काटकसर. पुढच्या घरांतही आधी तांब्या आला, मग तेच उत्तर आलं. अहो, मी याच खटाव तालुक्यातला. पाहुण्यापुढं घरातली उणीव काढायची नाही, हे आईनंच शिकवलेलं. पण हातात टॅबलेट आला की अक्कल गहाण पडते.

यादी लागली तेव्हा ते गाव तिन्ही देशांत अगदी वरच्या नंबरात होतं. कमी वापर, पुरेसा साठा. ऑफिसात पेढे वाटले, मीही खाल्ला. तासगावकडच्या बागायतदारांनी 'लय कमी पडतं' म्हणून ठणकावून सांगितलं होतं, त्यांच्या तलावाचा गाळ निघाला. या गावाचं नाव मदतीतून वगळलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुरुस्ती मागितली, तर साहेब म्हणाले, "आता आकडे बदलता येत नाहीत." मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात परत गेलो. तलावात शेरडं फिरत होती. म्हातारी टँकरच्या रांगेतून अर्धीच घागर घेऊन आली. मला ओसरीवर बसवून तिनं त्यातलाच तांब्या भरून दिला. मी काय लिहिलं होतं, त्यानं काय झालं, ते सगळं मी तिला सांगितलं आणि माफी मागितली.

ती रागावली नाही. म्हणाली, "दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणायचं, बाबा? तुमी उठून हंड्यात बघायचं हुतं की."

तांब्या अजून माझ्या हातातच होता.