मामांच्या हयातीचा दाखला

आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यात माझ्या मामेसासऱ्यांइतकी मेहनत अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणी घेतली नसेल. माझी बायको ही त्यांची एकुलती एक भाची. लहानपणी देवी येऊन त्यांचे दोन्ही डोळे गेले, लग्न त्यांनी केलं नाही, आणि अकोल्यातल्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी काढून ते निवृत्त झाले. कचेरीतले नंबर त्यांना अजून पाठ आहेत. त्यातले निम्मे बंद पडले, बरेचसे साहेब वारले, पण मामांच्या डोक्यातलं एक्सचेंज चालूच आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी पडद्यावरचं वाचून दाखवणारा मोबाइल घेतला. त्याच्या बोलण्याचा वेग इतका वाढवून ठेवला की ऐकणाऱ्याला वाटावं, डब्यात कुणी वाटाणे हलवून राहिलंय. मामा त्यातून बातम्या, रेल्वेचं वेळापत्रक आणि कॉलनीच्या ग्रुपवरची भांडणं व्यवस्थित ऐकायचे. अडायचं ते बटनांपाशी. ज्या ॲपवाल्यानं बटनांना नावं दिलेली नसतील, तिथे फोन नुसताच ‘बटन, बटन, बटन’ म्हणत बसे आणि मामा अंदाजानं दाबत. एकदा किराणा मागवताना अंदाज चुकला आणि या ब्रह्मचारी माणसाच्या दारात तान्ह्या बाळांच्या डायपरची अकरा पाकिटं येऊन पडली. परत करायचं बटनही बिननावाचंच. शेवटी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या भाजीवाल्या बाईंना नात झाल्याचं त्यांना आठवलं. गठ्ठा घेऊन ते तिकडे गेले, बाळाला मांडीवर घेऊन तासभर बसले, आणि घरी येऊन ॲपवाल्यांना पत्र लिहिलं की बटनांना नावं द्या. अशी पत्रं ते रोज एक तरी लिहीत. बँकेला, वीजवाल्यांना, रेल्वेला. उत्तर क्वचितच यायचं. बायको म्हणायची, मामांना बटनांपेक्षा त्या उत्तराचीच जास्त गरज आहे.

ती चार वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर मामांकडे जायला मला एकच निमित्त उरलं, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. पेन्शन चालू ठेवायची तर माणूस जिवंत असल्याचं दरवर्षी दाखवावं लागतं. आता ते घरबसल्या मोबाइलवर होतं. चेहरा समोर धरायचा आणि सांगितलं की डोळे मिचकवायचे. मामांच्या पापण्या सहाव्या वर्षापासून मिटलेल्या. यंत्रानं तीनदा सांगून पाहिलं आणि अर्ज नाकारला.

“डोये मिचकावत नाई म्हून मी मेलो म्हनते लेकाचं,” मामा शांतपणे म्हणाले.

म्हणून मी अमरावतीहून रजा काढून जायचो आणि त्यांना बँकेत न्यायचो. खिडकीतला माणूस दरवर्षी माझ्याकडे बघून विचारायचा, “हे हयात आहेत ना?” मी तोंड उघडायच्या आत मामा काठी आपटत. “त्यायले काय पुसता? मले पुसा. मी इथंच उभा हाओ.” बाहेर आल्यावर आम्ही कोपऱ्यावर कचोरी खायचो. ते रेल्वेच्या उशीर झालेल्या गाड्यांबद्दल बोलत, मी पावसाबद्दल. तिचा विषय दोघंही काढत नसू. चार वाजता मी परत गाडीत.

मग वरच्या कोर्टाचा निकाल आला. मोबाइलवरच्या सोयी न दिसणाऱ्या माणसालाही स्वतःच्या स्वतः वापरता आल्या पाहिजेत, तो त्याचा हक्क आहे, डोळे मिचकवण्याला दुसरा पर्याय द्यावाच लागेल. मामांनी तो सगळा निकाल त्यांच्या वेगानं दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा माझ्यासाठी वेग कमी केला, आणि मी अमरावतीत फोन कानाला लावून, भाजी करपेपर्यंत कायदा ऐकत उभा राहिलो. त्यांच्या पत्रांचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. दोनदा ऐकलं ते त्यासाठीच, असं त्यांनी नंतर सांगितलं.

त्या नोव्हेंबरात मी नेहमीसारखी रजा टाकली. आदल्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला. नव्या सोयीत डोळ्यांचं काही विचारत नाहीत, मान डावीउजवीकडे वळवायला सांगतात, असं ते म्हणाले. दोन मिनिटांत दाखला झाला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं.

“जवाई, मानलं सरकारनं. कोनाले पुसलं नाई, मलेच पुसलं.” त्यांचा आवाज मी इतका तरुण कधी ऐकला नव्हता. “तुमची रजा वाचली. येऊ नका आता.”

मी म्हणालो, फार चांगलं झालं. आणि खरंच चांगलं झालं होतं. पण फोन ठेववेना. रजेचा अर्ज मंजूर होऊन टेबलावर पडला होता, आणि उद्याच्या दिवसात दुसरं काहीही नव्हतं.

“मामा, मी येतो उद्या,” मी म्हणालो.

“काम काय हाये?”

“काही नाही. असाच.”

पलीकडे डब्यातले वाटाणे खडखडले. मामा वेळापत्रक ऐकत होते.

“बडनेऱ्याहून सकायची गाडी धरा,” मामा म्हणाले. “मी स्टेशनवर येतो तुमाले घ्यायले.”

नको म्हणावं, उगाच काठी टेकत इतक्या गर्दीत कशाला, असं ओठांवर आलं होतं. पण म्हटलं नाही. मला घ्यायला स्टेशनवर कुणी येऊन बरीच वर्षं झाली होती.