बॉनेटची कड

आधीच सांगते, मी नणंदेची बाजू घेणारी भावजय आहे. कोणाला नवल वाटत असेल तर खुशाल वाटू दे. जी बाई माझ्या डोळ्यांदेखत वीस वर्षं मान मोडून राबली, तिची बाजू घ्यायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय पंचावन्न, लग्न केलं नाही, बोलणं मोजकं. जुन्या गाड्यांचा रंग उजळवून देणं हे त्यांचं काम. रंग देणं नव्हे, लोकांची इथेच गल्लत होते. गाडीवर आहे तोच रंग ठेवायचा. त्यावर वर्षानुवर्षं फडक्यांनी पडलेलं बारीक चरांचं जाळं आणि उन्हाने आलेला पांढुरकेपणा मशीनने हलक्या हाताने घासून काढायचा, की खालचा ताजा रंग वर येतो. घासणं म्हणजे शेवटी रंग कमी करणंच. आणि गाडीवर सगळा मिळून रंग असतो केसाच्या जाडीएवढा. त्यातला किती काढायचा आणि हात कुठे आवरायचा, हे ज्याला कळलं त्याला हे काम आलं.

सासरे गाड्या रंगवायचे. त्यांनी दोन्ही मुलांना हे शिकवायला घेतलं, शिकली एकटी मुलगी. पण ते गेल्यावर दुकान झालं मुलाच्या नावावर. पाटीवर नाव मुलाचं, भिंतीवर फोटोही मुलाचा, हातात मशीन धरलेला. ते मशीन त्याने त्या फोटोपुरतंच धरलं होतं. गिऱ्हाईक येतं, माझ्या नवऱ्याशी हात मिळवतं, "काय काम करता हो तुम्ही" म्हणतं, आणि हा मान तिरकी करून हसतो. वन्सं तेव्हा मागे मोरीत मशीनचे पॅड धूत असतात. एकदा न राहवून मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही गप्प कशा बसता?" तर म्हणाल्या, "अगं, गाडी चांगली निघाली ना, मग झालं." हे "मग झालं" ऐकलं की माझं डोकं फिरतं.

तर यंदा एक दातांचे डॉक्टर आले. दवाखाना बंद करून बसलेले, सत्तरीचे. त्यांची दोन माणसांची स्पोर्ट्स कार होती, बुटकी, लांब नाकाची, गडद हिरवी. वय पन्नास वर्षं आणि रंग कारखान्यातून निघाला तेव्हाचाच. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात त्यांना ती ठेवायची होती. माझ्या नवऱ्याने आपलं नेहमीचं भाषण ठोकलं. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि सरळ मागे गेले. तिथे वन्सं गाडीच्या दारापाशी उकिडव्या बसून दिवा तिरका धरून चर बघत होत्या. डॉक्टर स्टूल ओढून तासभर बघत राहिले. उठताना म्हणाले, "बाई, प्रदर्शनात गाडीपुढे एक कार्ड असतं. गाडी कोणती, कुठल्या सालची, रंगाचं काम कोणी केलं. त्यावर मी तुमचं नाव लिहिणार आहे."

वन्सं म्हणाल्या, "बघा तुम्हाला वाटेल तसं," आणि पुन्हा दिव्याकडे वळल्या. पण रात्री भांडी घासताना मला हळूच विचारलं, "अगं, कार्डावर वडिलांचं नाव पण लिहितात का गं?" तीस वर्षं काम केलेली बाई ही.

नऊ दिवस काम चाललं. आधी त्यांनी रंगाची जाडी मोजायच्या यंत्राने सगळी गाडी बोटाबोटाने मोजली आणि कागदी पट्टीच्या तुकड्यांवर आकडे लिहून जागोजागी चिकटवले. या गाडीच्या बॉनेटवर मधोमध एक उंच कड आहे, नाकापासून काचेपर्यंत. कडेवर ओला रंग ठरत नाही, दोन्ही बाजूंना उतरतो, म्हणून तिथे तो मुळातच पातळ. यंत्राने तिथे बाकीच्या जागेच्या निम्माच आकडा दाखवला. वन्संनी पूर्ण कडेवर निळी चिकटपट्टी लावली. मशीन पट्टीपर्यंत न्यायचं आणि उचलायचं. पट्टीखालचा भाग शेवटी बोटाला फडकं गुंडाळून हाताने करायचा, तोही जेवढ्यास तेवढा. एखादा खोल चर राहिला तर राहू द्यायचा. तो काढायला जावं तर रंगच जाईल.

फडकी माझ्याकडे. साठ फडकी, रोज धुवायची, वेगळी वाळवायची. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा रंगाला लागत नाही, ते चाकांना. मऊ फडक्याला खालचा एक कण चिकटला तरी दहा चर पाडतो. मी वन्संकडून एवढंच शिकले, पण ते नीट शिकले.

नवव्या दिवशी बॉनेटवरून शेवटचा हात फिरवायचा तेवढा बाकी होता. दुपारी वन्संच्या चष्म्याची काडी निखळली, म्हणून त्या चष्मेवाल्याकडे गेल्या. एवढ्यात नवरा आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मला म्हणाला, "फोन धर. दुकानाच्या नेटवरच्या पानावर टाकायला दोन फोटो काढ." मशीन उचललं, बॉनेटपाशी उभा राहिला, आणि कडेवरची निळी पट्टी ओढून काढली.

"अहो, ती पट्टी वन्संनी लावलीय," मी म्हटलं.

"फोटोत घाण दिसते."

"मग मशीन तरी बंद ठेवा."

"बंद मशीनचा फोटो खोटा वाटतो," तो म्हणाला.

मी तेव्हाच त्याचा हात धरायला हवा होता. नाही धरला. फोन धरून उभी राहिले. तेवढं माझ्या पदरात आहे आणि मी ते नाकारत नाही. याने मशीन चालू केलं, चेहरा फोटोत यावा म्हणून माझ्याकडे वळला, आणि पॅड तिरका होऊन बरोब्बर कडेवर टेकला. चार सेकंद, फार तर पाच. पॅडवर आधी हिरवं आलं, मग राखाडी. मशीन उचललं तेव्हा कडेवर अंगठ्याच्या नखाएवढा रंग गेलेला आणि खालचं अस्तर उघडं. पन्नास वर्षं टिकलेला रंग शर्टाच्या फोटोपायी गेला.

वन्सं परत आल्या. नवा स्क्रू बसवलेला चष्मा चढवला, यंत्र आणून त्या जागेवर टेकवलं, आकडा वाचला आणि यंत्र खिशात ठेवलं. मग स्टुलावर बसल्या. त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते. ते हात रिकामे मी कधी बघितले नव्हते.

नवरा त्यांच्या मागे मागे. "ताई, तू सांग ना तुझ्या हातून झालं म्हणून. डॉक्टर तुला मानतात, तुला काही बोलणार नाहीत. माझं नाव आलं तर दुकानाची इज्जत जाईल." वन्सं चष्मा काढून पुसत बसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मला वाटलं, डॉक्टरांसमोर तरी हा खरं बोलेल.

डॉक्टर पाच वाजता आले. नवरा पुढे झाला, आवाज मऊ करून म्हणाला, "डॉक्टर, जरा गडबड झाली. ताईचं आता वय झालंय, हात हलला."

हात हलला म्हणे. ज्या हाताने दुकान चाललं, घर चाललं, याच्या पोरांची शाळा झाली, तो हात हलला. मी फडक्यांची बादली खाली ठेवली आणि म्हटलं, "वन्सं इथे नव्हत्याच. मशीन यांनी चालवलं, फोटो काढायला. पट्टीही यांनीच काढली. फोन मी धरला होता." नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, की आज जेवायला वाढणार कोण, हा विचार त्याला नंतर सुचला असणार.

डॉक्टर वन्संकडे वळले. "बाई, खरं काय?"

"ती पट्टी मी काढली नसती," वन्सं म्हणाल्या. मग उठून बॉनेटपाशी गेल्या. "गेला तो रंग परत येत नाही. आख्खं बॉनेट नव्याने रंगवता येईल, पण मग मूळचा आहे तोही सगळा जाईल. मी म्हणते, ब्रशने तेवढीच जागा भरू. म्हणजे दमट हवेने पत्रा गंजायचा नाही."

"दिसेल का ते?"

"बघणाऱ्याला दिसणारच."

डॉक्टरांनी वाकून त्या जागेवरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "ब्रशने भरा. आणि कार्डावर तुमचंच नाव राहील."

"हो हो, ताईचंच लिहा," माझा नवरा घाईघाईने म्हणाला. "सगळं तिनेच तर केलंय."

बघा तरी. तीस वर्षं जे नाव याच्या तोंडून एका गिऱ्हाइकासमोर निघालं नाही, ते गाडीचा रंग गेल्यावर कसं चटकन निघालं.

वन्सं म्हणाल्या, "नाही डॉक्टर. दोघांची लिहा. गाडी मी केली, बॉनेटची कड याने केली. तसंच लिहा."

"ताई, माझं नाव कशाला त्यात," नवरा म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याला आपलं नाव नको झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"का?" वन्सं म्हणाल्या. "काम केलंस ना?"

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या नवऱ्याला त्याचं पूर्ण नाव विचारलं. त्याला ते लवकर सांगता येईना.